फियाट दहा मिनिटं चालते

उतई, ८ नोव्हेंबर २०२३

चि. नीतू,

अनेक आशीर्वाद. पहिल्या कागदावर हातानं सवयीनं 'सौ.' लिहिलं. तो कागद फाडला. हा दुसरा.

तुझ्या मोबाइलवर माझा नंबर लागत नाही, हे मले माहीत आहे. लागला असता तरी मी बोलली नसती. दोन खोल्यांचं घर, फोनवर काही म्हटलं का बाबूजीले ऐकू जाते. तुझ्या भावाले विचारून गोंदियाचा पत्ता घेतला. तू शाळेत शिकवते अन् माझी नात टीना तुझ्याच शाळेत येते, असं त्यानं सांगतलं. बरं वाटलं.

एक बातमी द्याची आहे. पीयूषनं खोलून ठेवलेलं फियाटचं इंजिन बाबूजीनं जोडून गाडीत बसवलं. तुले आठवत असन, मागच्या खोलीत पेपरावर, परातीत, दुधाच्या डब्यायमधी सारे पुर्जे पसरून होते. तो गेला त्याले येत्या डिसेंबरात चार वर्षं होतीन. अडीच वर्षं त्या पुर्ज्यायवर चादर होती. मी झाडतानाही ती उचलत नसे. रिटायर झाल्यावर बाबूजीनं एका सकाळी चादर काढली अन् म्हणाले, "माझ्या पोरानं काम अर्धं सोडलं. मी फिटर माणूस आहो. अर्धं काम घरात कसं ठेवू?"

दीड वर्ष लागलं त्यायले. रिंगा नव्या, बेअरिंग नवे, व्हॉल्व रायपूरहून घासून आणले. एकेक नट डिझेलनं धुतला. भिलाईच्या प्लांटमधी कामाले होते तेव्हा जसे सात वाजता जात, तसे सातले मागच्या खोलीत जाऊन बसत.

पाच तारखेच्या रविवारी इंजिन चालू झालं. वीस-पंचवीस मिनिटं चाललं. बाबूजी पायात चप्पल न घालता शेजारच्या कृष्णरावले बोलवाले गेले. दुसऱ्या दिवसापासून मात्र गाडी दहा मिनिटं चालते अन् आपोआप बंद पडते. अर्धा घंटा थांबलं का पुन्हा चालू होते. पुन्हा दहा मिनिटं. कावून, ते कोणाले समजून नाही राहिलं.

एवढंच कळवाचं होतं. दिवाळीचं करून राहिली. टीनाले तिखट चालते का आता? इथून गेली तेव्हा चालत नसे.

तुझी सासू,
बेबी


उतई, २४ नोव्हेंबर २०२३

चि. नीतू,

उत्तर आलं नाही. यावं असं मी धरूनही नव्हती.

गाडी अजून तशीच आहे. बाबूजीनं कॉइल बदलली, मंग कंडेन्सर. कार्बोरेटर तीनदा खोललं, तीनदा लावलं. प्लग काढले तर कोरडे निघाले. "पेट्रोल पोचून नाही राहिलं," म्हणाले, अन् पेट्रोलचा पंप नवा टाकला. नळ्या फुंकून पाहिल्या, साफ होत्या. टाकी तर त्यायनं पहिल्याच दिवशी तोंडापर्यंत भरून ठेवली होती, म्हणून तिकडं कोणी पाहिलं नाही. तरी दहा मिनिटं. कधी अकरा.

राहुल आला होता. पीयूषचा तोच दोस्त, ज्याची मोटारसायकल घेऊन तो त्या संध्याकाळी गेला. चार वर्षं हा पोरगा फाटकाच्या बाहेरूनच 'काकी, बरं आहे ना' म्हणे अन् चालला जाय. या खेपेले बाबूजीनं हात धरून आणलं. त्यानं बोनेटमधी डोकं घालून ऐकलं अन् म्हणाला, "अंकल, इंजिन तो मक्खन है. आवाजच सांगून राहिला. बंद कावून पडते, भगवान जाने." जाताना माझ्याकडं पाहिलं नाही. मोटारसायकल आपण दिली, हे त्याच्या मनातून जात नाही.

त्या दिवशी बाबूजी जेवले नाही. म्हणाले, "बेबी, प्लांटच्या मिलमधी मी हात लावला ती मशीन चालली. हे एवढंसं इंजिन माझं ऐकत नाही. पोराच्याच मनात नसन." मी म्हटलं, "असं काही नसते." तर म्हणाले, "मंग तूच सांग काय असते." माझ्याजवळ उत्तर होतं. मी भांडे घासाले गेली.

आता ते स्टूल घेऊन गाडीपाशी बसतात अन् विचारतात, "काय चुकलं रे?" विचारून थांबतात. जसा कोणी आतून सांगणार आहे.

तुले एक सांगते. बाबूजीले सांगतलं नाही. पहिल्या रविवारी इंजिन चालू झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात होती. तो आवाज कानावर पडला अन् मी काही विचार न करता उठली, तवा ठेवला, दोन पोळ्या लाटल्या. पीयूष हथखोजच्या कारखान्यातून सुटला का मोडावर गाडीचा आवाज येई अन् मी तवा ठेवी, तो हात धुऊन बसेपर्यंत पोळी तयार. तशीच लाटली. तिसरी लाटताना ध्यानात आलं. पोळ्या ताटात होत्या. त्या मी कोणाले दिल्या नाही, स्वतःही खाल्ल्या नाही.

बाबूजीची बहीण तुळसाबाई तुमसरच्या लग्नात तुमाले भेटली म्हणे. टीनासोबत बोलली म्हणे. काय बोलली ते तिनं मले फोनवर सांगतलं. ते मी इथं लिहीत नाही.

बेबी


उतई, १२ डिसेंबर २०२३

नीतू,

रविवारी बाबूजी मरता मरता वाचले.

सकाळी म्हणाले, "उभ्या गाडीत बिघाड समजत नाही. रस्त्यावर नेऊन पाहतो." मी म्हटलं, नका नेऊ. ते म्हणाले, "कावून?" मी घराले कुलूप लावलं. त्यायले एकटं नाही जाऊ देणार म्हणून मी बाजूले बसली. उतईच्या बाजारातून निघालो, भिलाईच्या रस्त्याले लागलो. गाडी इतकी छान चालून राहिली होती का बाबूजीनं खिडकीची काच खाली केली अन् कोपर बाहेर ठेवलं. पीयूष बसे तसं. मी घड्याळाकडं पाहून राहिली होती.

आठ मिनिटांनी म्हटलं, वळवा आता. ते हसले. म्हणाले, "आज नाही पडत बंद."

वळणावर, रस्त्याच्या मधोमध, बंद पडली. मागं रेतीचा ट्रक होता. त्यानं ब्रेक मारला, ट्रक तिरपा झाला अन् आमच्या बाजूनं घासत घासत नालीत उतरला. माझ्याकडच्या दाराले त्याचा आरसा लागला. ड्रायव्हर खाली उतरला अन् ट्रकच्या चाकाले टेकून बसला. शिव्याही देता येत नव्हत्या त्याले. बाबूजी स्टीअरिंग धरून बसले होते अन् पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मले माफ कर भाऊ, माझा फिटरचा हात गेला. माझा हात गेला आता." लोकांनी ढकलून गाडी बाजूले घेतली.

नीतू, त्यायचा हात गेला नाही. मी केलं आहे ते.

पेट्रोलच्या झाकणाले एक बारीक भोक असते. पीयूषनंच कधीतरी गाडी धुताना मले दाखवलं होतं. म्हणाला होता, "आई, इथून टाकी श्वास घेते. हे बुजलं का पेट्रोल पुढं जाणं बंद." मी त्या पहिल्या सोमवारी, बाबूजी दुपारी झोपले तेव्हा, त्या भोकात मेणबत्तीचं मेण भरलं. झाकणाची किल्ली माझ्याच खिळ्यावर असते. एकदा मेण उन्हानं सुटलं, तर पुन्हा भरलं. त्यायनं कॉइल आणली, पंप आणला, मी पाहत होती. चहा नेऊन देत होती.

मले तो आवाज बंद कराचा होता, दुसरं काही नाही. पण मेण भरल्यावर तर आवाजाहून वाईट झालं. गाडी चालू असली का तो येऊन राहिला असं वाटे. बंद पडली का तो आला असं वाटते. गाडी आपल्या फाटकापाशीच बंद व्हायची ना त्याची. आवाज थांबते, मी कान देऊन उभी राहते, अन् मंग फाटक वाजत नाही. दिवसातून चार चारदा. महिनाभर मी रोज त्याले फाटकापर्यंत आणलं अन् आत नाही घेतलं.

उद्या ते मेण काढते. बाबूजीले कसं सांगू ते समजत नाही. कदाचित सांगणारच नाही. गाडी आपोआप सुधरली म्हणतीन.

बेबी


उतई, १५ डिसेंबर २०२३

नीतू,

सांगा लागलं.

बुधवारी दुपारी बाबूजी झोपले असं पाहून मी दाभण घेऊन मागं गेली. झाकण काढलं, उलटं केलं अन् मेण टोकरू लागली. मागून आवाज आला, "काय करून राहिली?"

मी झाकण पदराखाली घेतलं. त्यायनं हात पुढं केला. द्याच लागलं. दाभणाच्या टोकाले मेण होतं. त्यायनं ते नखावर घेतलं, झाकणाचं भोक उजेडात धरून पाहिलं. त्यायले समजावून सांगा लागलं नाही.

"किती दिवसांपासून?"

"दुसऱ्याच दिवसापासून."

"रविवारी ट्रक मागं होता, तेव्हाही?"

"हो."

ते पायरीवर बसले. म्हणाले, "कावून?"

मी तव्याचं सांगतलं, फाटकाचं सांगतलं. सारं ऐकून घेतलं त्यायनं. मंग म्हणाले, "तुले तो आवाज नको होता. मी दीड वर्ष त्या आवाजासाठीच बसलो होतो, बेबी. दुसरं काय पाहिजे होतं मले?"

त्यायनं तेव्हा शिव्या दिल्या असत्या तर कदाचित मी तेवढ्यावर थांबली असती. पण ते रडाले लागले. माझ्यासमोर कधी रडले नव्हते, पोराले नेलं तेव्हाही नाही. अन् माझ्या तोंडून दुसरं निघालं.

ते तुले माहीत आहे. तरी लिहिते, कारण हे माझ्या अक्षरात तुझ्याजवळ असलं पाहिजे.

त्या संध्याकाळी पीयूषले मी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं लग्नाले जाचं होतं अन् माझा नवा चष्मा नेहरू नगरच्या दुकानात तयार होता. तो नुकताच कामावरून आला होता. म्हणाला, "आई, गाडी खोलून ठेवली आहे. लग्नाहून आल्यावर आणतो." मी म्हटलं, "चार लोकांत मी फुटक्या चष्म्यानं जाऊ का?" तो राहुलकडं गेला, मोटारसायकल मागितली अन् निघाला. येताना हायवेवर बिना लाइटचा ट्रक उभा होता.

दवाखान्यात राहुलनं माझ्या हातात पिशवी दिली. पाकीट, मोबाइल अन् चष्म्याचा डबा. डब्याले साधा ओरखडा नव्हता. मी तो पोलक्यात लपवला. कोणी विचारलं, कुठं गेला होता, तर मी म्हटलं, टीनाच्या औषधासाठी. तेराव्याले सारे बसले होते, तुळसाबाईनं विचारलं, कोणी पाठवलं होतं एवढ्या घाईनं? मी म्हटलं, नीतूनं. तू टीनाले मांडीवर घेऊन समोर बसली होती. तू माझ्याकडं पाहिलं अन् काही म्हटलं नाही.

कावून नाही म्हटलं? चार वर्षं मी तुझं ते पाहणं पाहून राहिली. लॉकडाऊनमधी आपण चौघं याच दोन खोल्यांत होतो. तू मले भाजी वाढे, मी तुझ्या हाताकडं पाहे. एकदाही तू ते बोलली नाही. मी तर नाहीच बोलली.

बाबूजीनं ऐकलं अन् म्हणाले, "ती टीनाले घेऊन निघाली, तेव्हा मी फाटकापर्यंत सोडालेही गेलो नाही. खाटेवर बसून राहिलो. वाटलं, हिनं माझा पोरगा पाठवला." एवढंच. मंग म्हणाले, "चष्मा कुठं आहे?"

पेटीच्या तळाशी होता. आणून दिला. त्यायनं डबा उघडला, काचा धोतराच्या काठानं पुसल्या अन् माझ्यासमोर धरला. "घाल. अन् नीट पाहून लिही तिले."

तो घालूनच लिहून राहिली. आजपर्यंत घातला नव्हता. सारं फार स्पष्ट दिसते.

काल पीयूषचा दिवस होता. पान वाढलं. बाबूजी माझ्याशी बोलत नाही. गाडी चालू केली नाही.

तुळसाबाईनं लग्नात टीनाले सांगतलं का तुझ्या आईनं पाठवलं म्हणून तुझा बाबा मेला. साडेपाच वर्षांच्या लेकराले. तिनं मले हे सांगतलं तेव्हा तिले वाटलं, मी खूष होईन. ते बोल तिचे नाही नीतू, माझे आहेत.

माफी मागत नाही. मागितली तर तुले द्या लागन, नाहीतर नाही म्हणा लागन. दोन्हीचा भार तुझ्यावरच.

बेबी


उतई, ६ जानेवारी २०२४

चि. नीतू,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं हाक दिली तेव्हा बाबूजी अंगणात होते. त्यायनंच फोडलं, त्यायनंच मोठ्यानं वाचलं. मी दारात उभी होती.

तू लिहिलं, 'त्या दिवशी तुमचे दात वाजून राहिले होते आई, पंचवीस बायकांच्या समोर. मले वाटलं, आता मी नाही म्हटलं तर ह्या इथंच संपतीन. एक दिवस जाऊ देऊ, उद्या त्याच सांगतीन. मग परसों. असं करत करत एक वर्ष गेलं. तुम्ही खोटं बोलल्या म्हणून मी घर नाही सोडलं. नंतर खरं कधी बोलल्याच नाही म्हणून सोडलं.'

बाबूजीनं ही ओळ दोनदा वाचली. मंग कागद माझ्या हातात दिला अन् घरात गेले. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, "चहा ठेव." तीन आठवड्यांनी.

तू म्हटलं तसं केलं. तुळसाबाईले फोन लावला, तिच्या सुनांसमोर, मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवाले सांगतलं. बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आता कावून उकरून काढते, वहिनी? पोरगा तर वापस येत नाही." मी म्हटलं, "पोरासाठी नाही उकरत. सुनेसाठी उकरते." तिनं फोन ठेवला. मंग राहुलच्या घरी गेली. त्याले सांगतलं का तुझ्याकडं मोटारसायकल मागाले पीयूषले मी लावलं होतं. त्याच्या आईनं मले खुर्ची दिली नाही. उभ्यानंच सांगून आली.

गाडी आता नीट चालते. बाबूजी सकाळी बाजारापर्यंत जाऊन येतात. मी घरातच राहते. अजून आवाज आला का हात तव्याकडं जाते. पण आता ते खाली उतरतात, फाटक वाजते, अन् ते आत येतात.

तू लिहिलं, 'टीनाले तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ते सासू-सुनेचं भांडण होते. कागदावर लिहून द्या, मी जपून ठेवीन, तिले समजन त्या वर्षी देईन.' बाबूजी म्हणाले, हे खरं आहे. म्हणून सोबत दुसरा कागद जोडते. चार दिवस लागले त्याले. तुले भेटाले गोंदियाले येऊ का, असं बाबूजी विचारतात. मी विचारत नाही. त्यायले बोलाव. मी इथं राहीन.

बेबी


चि. टीना,

मी तुझी आजी, तुझ्या बाबाची आई. हा कागद तू मोठी होऊन वाचशील. तेव्हा मी असन का नसन, माहीत नाही.

लोक तुले म्हणतीन का तुझ्या आईनं पाठवलं म्हणून तुझा बाबा गेला. ते खोटं आहे. ते खोटं मी बोलली. तुझ्या बाबाले त्या संध्याकाळी मी पाठवलं होतं, माझ्या चष्म्यासाठी. त्याले जाचं नव्हतं. मी हट्ट केला. तुझ्या आईले तो गेला हेही माहीत नव्हतं. तिनं माझं खोटं चार वर्षं स्वतःच्या अंगावर घेतलं अन् तुलेही माझ्याविषयी वाईट सांगतलं नाही. कोणी पुन्हा तसं म्हटलं तर हा कागद दाखवजो. खाली माझी सही आहे, तुझ्या आजोबाची पण आहे.

एक गोष्ट आजपर्यंत कोणाले सांगतली नाही. सांगतली असती तर तुझ्या आईनं त्याले पाठवलं नाही, हे लोकांले समजलं असतं. तुझी आई तुले न्हाणीत आंघोळ घालून राहिली होती. डिसेंबर होता, तिनं पाणी तापवलं होतं. तू पाण्यावर हात मारून मोठ्यानं हसत होती. नळ सुरू होता, म्हणून तुझ्या आईले ऐकू गेलं नाही. मी तिथंच उभी होती. तुझ्या बाबानं जाता जाता न्हाणीच्या दारावर दोनदा टकटक केली अन् म्हणाला, "टीने, गरम पाणी माझ्यासाठी ठेवजो थोडं."

ते तो तुले म्हणाला होता. माझ्याजवळ उगाच राहून गेलं.

बेबीबाई
शालिकराम